कमानीला तेल नको

मोटारी दुरुस्त करणारा, पण उभ्या जन्मात मोटारीत पाय न ठेवलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. नुसता पाहिलाच नाही, तर भर दुपारी, अर्ध्या बाजाराच्या साक्षीनं, मी त्याच्या पोटावरून मोटार नेली आहे. घाबरू नका. त्या दिवशी त्याला खरचटलंसुद्धा नाही. त्याच्या पोटावर एक वांगं ठेवलं होतं, तेही शाबूत राहिलं.

तो शहाद्याचा लोहार. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणायचो. विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा हे त्याचं बापजाद्यांचं काम. मोटारीचं काम त्याच्याकडे आपसूक चालत आलं, कारण गावात मोटारी होत्या तीन, आणि त्या बंद पडल्या की धुळ्यापर्यंत ओढत न्यायला कोणाचे बैल मोकळे नसत. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. मी तिथल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टरांना गाडी चालवायची भीती वाटे, म्हणून ड्रायव्हरही मीच. सकाळी औषधाच्या बाटल्यांवर मात्रेच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि दुपारी गाडीला हँडल मारायचं. वय सव्वीस, टोपी तिरकी, आणि भर रस्त्यातून गाडी जाताना लोकांनी वळून बघावं, ही आयुष्यातली सर्वांत मोठी आकांक्षा. लोक वळून बघत, पण कशासाठी, ते पुढं सांगतो.

मिस्त्रीकडे गाडी नेणं म्हणजे घरातलं माणूस गेल्याची बातमी ऐकायला जाण्यासारखं होतं. गाडी दारात थांबली की तो हातातला हातोडा खाली ठेवायचा. त्याची बायको भात्यावर बसलेली असायची, ती भाता थांबवायची. मिस्त्री पागोटं काढून मांडीवर घ्यायचा, गाडीसमोर उकिडवा बसायचा आणि गालाला हात लावून तिच्याकडे बघत राहायचा. बघता बघता त्याचा चेहरा इतका पडायचा, की रस्त्यानं जाणारी अनोळखी माणसंसुद्धा पावलं हळू टाकायची.

"गयी," तो अखेर म्हणायचा.

"काय गेलं, मिस्त्री?"

"गाडी गयी."

"अहो, मी आत्ता चालवत आणली इथवर."

"मरानी येळले मानूस बी उठीसन बठस."

आणि मग तो ती गाडी दुरुस्त करायचा. अशी करायचा, की नवीन असताना ती तशी चालली नसेल. परत देताना मात्र हसणं नाही, कौतुक नाही. "लई जा. चार दिन चाली." कापूस पिंजणाऱ्या गावातल्या एका जिनवाल्याचं इंजिन त्यानं असंच चार दिवसांसाठी नीट करून दिलं होतं. मी गाव सोडलं तेव्हाही त्या इंजिनाचे चार दिवस संपलेले नव्हते.

हे सुतक फक्त मोटारींपुरतं होतं असं समजू नका. पाऊस आला तर "सडी जाई," नाही आला तर "जळी जाई." एकदा मी गमतीनं विचारलं, की मिस्त्री, पाऊस अगदी हवा तितकाच पडला तर? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मंग भाव पडी जाई." हे बोलताना त्याच्या तोंडावर जरासं समाधान होतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

मोटारीत का बसत नाही, असं विचारल्यावर तो म्हणे, "जिन्हा आतडा मी हातमा लिधात, तिन्हा मांडीवर बठू?" पायी जायचा. नंदुरबार असो, ब्राह्मणपुरी असो, पायी. रस्त्यात मी गाडी थांबवली तर तो मला रस्ता द्यायला बाजूला व्हायचा.

आता डॉक्टरांची गाडी. ती एका संस्थानिकाच्या मुलाकडून एका वकिलाकडे, वकिलाकडून एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून आमच्याकडे आलेली. वर कापडी टप, बाजूला पायऱ्या, पुढं पितळी दिवे. दिसायला राणी. पण मागच्या कमानी म्हाताऱ्या झालेल्या. मोटारीच्या आसावर लोखंडी पाट्यांची जी चळत असते, धनुष्यासारखी वाकवलेली, तिला कमान म्हणतात. सगळं ओझं तिच्यावर. आमच्या गाडीच्या कमानी इतक्या ढिल्या पडल्या होत्या, की वळणावर गाडी ताडी प्यायल्यासारखी झुकायची, आणि एक खड्डा लागला की पुढचा खड्डा येईपर्यंत हिंदकळत राहायची. खेड्यातून रोगी आणावा, तर तो निघताना असे त्याहून आजारी होऊन दवाखान्यात पोचायचा.

धुळ्याच्या एका गॅरेजवाल्यानं डॉक्टरांना उपाय सांगितला होता. कमान आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घाला, गाडी खाली बसवा. खाली बसलेली गाडी डोलत नाही. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहानं हे मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीनं आभाळाकडे बघितलं.

"धुळानी सडकवर बरं शे ते, साहेब. आठला दगड काय धुळाले ऱ्हावाले गयात का?"

त्याचं खरं होतं, इथले दगड इथंच होते. आमचे रस्ते म्हणजे बैलगाडीच्या वाटा. चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मध्ये गाढवाच्या पाठीसारखा उंचवटा, त्यात दगड. मोटारीची चाकं चाकोरीत गेली की तिचं पोट त्या उंचवट्यावरून जायचं. पोटाखाली इंजिनातल्या तेलाची कढई असते. ती फुटली की संपलं. म्हणजे गाडी खाली बसवली तर दगड लागणार, उंच ठेवली तर डोलणार.

"मग करायचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताठ करनी. पन उच्ची ऱ्हावाले पाहिजे."

"होईल का तसं?"

"नई व्हवाव," मिस्त्री म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली शिरला.

एवढ्या तळमळीनं तो का शिरला, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याची एकुलती एक लेक डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यात दिलेली होती. जावईही लोहारच, पाड्यांवरच्या लोकांना कुऱ्हाडी, पहारी करून देणारा. पोरगी पहिलटकरीण असताना तिला आठव्या महिन्यात बैलगाडीतून माहेरी आणलं. वाटेत नदी, नदीत गोटे. घरी पोचली तेव्हा पोटातलं मूल गेलेलं होतं. दुसऱ्या खेपेला कोणी तिला हलवायची हिंमत केली नाही. ती सासरीच राहिली, तिथं डॉक्टर नव्हता, आणि तेही मूल गेलं. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती तिसऱ्यांदा दिवस घेऊन. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हिला माझ्याजवळ ठेवा. पण पावसाळ्यात सासरी हात हवे होते, सासरा तिला घेऊन गेला. मग ठरलं असं, की दसऱ्यानंतर नदी उतरली, वाट उघडली, की तिला मोटारीनं आणायचं आणि बाळंत होईपर्यंत शहाद्यातच ठेवायचं.

"पन अशी गाडीमा नई," मिस्त्री डॉक्टरांना म्हणाला होता. गाडी ताठ करायला त्याच्या हातात एक पावसाळा होता.

तो पावसाळा मी विसरणार नाही. कमानी सोडवून त्यानं एकेक पाटा अंगणात लांबीप्रमाणे मांडला, पंगतीला भावंडं बसवावीत तसा. एका मोडीत निघालेल्या लॉरीच्या कमानीतून जादा पाटे काढले. नुसते पाटे वाढवले तर गाडी रेड्यासारखी वर उठते आणि वळणावर आणखीच झोकांडी खाते. पाटे सपाट केले तर ताठ होते, पण पोट जमिनीला येतं. त्याला मधलं हवं होतं: माणसं भरल्यावर गाडी दोन बोटं खाली यावी, तिसरं नाही. त्यासाठी प्रत्येक पाट्याचा बाक वेगळा ठेवायचा, लाल करून वाकवायचा आणि मोहाच्या बियांच्या तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे पोलादाला हवा तेवढा कडकपणा आणायचा. भात्यावर बायको. घण मारायलाही बायकोच. ती बाई त्याच्याहून हातभर रुंद होती आणि घण मारताना त्याच्याशी भांडू शकायची.

पहिली जोडी फार कडक झाली. गाडीवर चढवली आणि तडकली. "काचनी बांगडी," मिस्त्री म्हणाला. दुसरी जोडी मऊ झाली, आठ दिवसांत बसली. "गोधडी," म्हणाला. प्रत्येक वेळी गाडी गेल्याचं जाहीर करायचा, पागोटं मांडीवर घ्यायचा, आणि पुन्हा कोळसे लावायचा. श्रावण सरत आला तेव्हा तिसरी जोडी चढली. ती त्याला पसंत पडली असावी, कारण त्या दिवशी तो काहीच बोलला नाही.

आणि आता वांगं.

बाजाराचा दिवस. मिस्त्रीनं मला गाडी तळावर आणायला सांगितली. मग तो बाजारात शिरला आणि गावातली चार सर्वांत जाड माणसं निवडून घेऊन आला. दोन अडते, एक मिठाईवाला आणि एक निवृत्त फौजदार. मोटारीत फुकट बसायला मिळतंय म्हणून चौघंही खुशीत. त्यांना मागं-पुढं बसवलं, गाडीनं एकदा सुस्कारा टाकला आणि थांबली. मग मिस्त्री सदरा काढून गाडीच्या पुढं जमिनीवर उताणा पडला. पोट पाठीला लागलेलं. त्या पोटावर त्यानं एक वांगं ठेवलं, काटेरी देठ वर करून.

"चालाव," तो मला म्हणाला.

मी स्टिअरिंगचं चाक धरून बसून राहिलो. अडते उतरायला बघत होते, पण दार फौजदाराच्या बाजूला होतं आणि फौजदार हलेना. तेवढ्यात गर्दीतून मिस्त्रीची बायको आली. कमरेवर हात ठेवून तिनं जमिनीवरच्या नवऱ्याकडे बघितलं.

"मरानं व्हई ते आतेच सांगी दे," ती म्हणाली. "मी भाकरी कमी टाकसू."

"टाक भाकरी. चार दिन जगसू."

मी गाडी नेली. कशी नेली ते देव जाणे. डोळे मिटले होते असं नंतर मिठाईवाल्यानं गावभर सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मागं वळून बघतो तर मिस्त्री बसता झालेला, आणि हातात वांगं फिरवून फिरवून बघतोय. कुठं ओरखडा नव्हता. गर्दीनं टाळ्या पिटल्या. डॉक्टर दवाखान्यातून नळी गळ्यात घेऊन धावत आले होते, ते तिथंच खाली बसले.

"दोन बोटं," मिस्त्री म्हणाला, आणि वांगं बायकोला दिलं. संध्याकाळी त्यांच्याकडे त्याची भाजी झाली. मी तिथंच जेवलो. त्या घरी मी गेलो की मावशी मला भाकरी-ठेचा दिल्याशिवाय सोडत नसे, आणि स्वतःला मावशी म्हणायलाही मिस्त्रीच्या बायकोनंच मला लावलं होतं.

गाडी खरंच बदलली. वळणावर झुकेना, खड्ड्यात गेली की एकदाच खाली जायची, वर यायची आणि जागच्या जागी थांबायची. एकच गोष्ट होती. ती कुरकुरायची. साधी कुरकुर नाही, विहिरीवरच्या जुन्या रहाटासारखी लांबलचक कण्हायची. आम्ही बाजारपेठेच्या एका टोकाला असलो की दुसऱ्या टोकाला कळायचं. लोक वळून बघायचे ते यासाठी. न्हावी मला म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, गाडीलाबी तुमचं खोकल्याचं औषध पाजत जा दोन घोट." तिरक्या टोपीला हे कसं सोसावं?

मी मिस्त्रीला म्हटलं, कमानीला थोडं तेल लावू का. तो इतका जवळ आला, की त्याच्या दाढीतली राख मला दिसली.

"कमानले तेल लावजो नको. पाटावर पाटा घासास, तवय गाडी थामस. ती रडस म्हनीसन उभी शे. रडू दे."

पाटे एकमेकांवर कोरडे घासतात म्हणून हिसका जिरतो. मध्ये तेल शिरलं की ते घसरतात, आणि ताठपणाचा काही उपयोग राहत नाही. हे त्यानं मला दहा वेळा समजावलं. मला समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

दसरा झाला, नदी उतरली. मिस्त्री गाडीत बसणार नव्हता, त्यामुळे तो दोन दिवस आधीच पायी निघाला. खांद्यावर पहार. लेकीच्या गावापर्यंतच्या वाटेवरचे, चाकोरीच्या मधले दगड तो एकेक करून उकरत गेला. मी तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निघण्याआधी गाडी मिस्त्रीच्या दारात नेली, कारण मावशीनं लेकीसाठी गोधड्या बांधून ठेवल्या होत्या, मागच्या बाकावर अंथरायला.

गोधड्यांबरोबर ती एक वाटी घेऊन आली. वाटीत एरंडेल. घरामागच्या एरंडाच्या बिया कढवून ती स्वतः काढायची. त्यांच्याकडे रीत होती: लेकीला आणायला गाडी निघाली, की घरच्या बाईनं गाडीच्या आसाला तेल पाजायचं. कोरड्या आसाची गाडी लेकीच्या वाटेवर रडत जाऊ नये. बैलगाडीला आस दिसतो. मोटारीला तो कुठं असतो, ते तिला दिसेना. पण रडते कुठून, ते तिला ठाऊक होतं. ती वाकली आणि दोन्ही कमानींवर वाटी ओतली. मग बोटं कपाळाला लावली.

"मावशी, मिस्त्रींनी नाही म्हटलंय ना," मी म्हणालो.

"ते रोजनं. आज मन्ही आंडेर येई ऱ्हायनी," ती म्हणाली. माझी लेक येते आहे आज.

माझ्या हातात फडकं होतं. पुसून काढायला किती वेळ लागला असता? पण त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात असंही आलं, की चला, निदान आजचा दिवस कुरकुर तरी थांबेल. मी फडकं खिशात घातलं.

एरंडेल घट्ट असतं. पाट्यांच्या आत शिरायला त्याला वेळ लागला. जाताना गाडी नेहमीसारखी कण्हत गेली, आणि लेकीच्या गावाच्या शिवेवर उभ्या असलेल्या मिस्त्रीनं तो आवाज ऐकून मान हलवली. पोरगी ठणठणीत होती. बापासारखीच किडकिडीत, पोट तेवढं पुढं. तिला गोधड्यांवर बसवलं, शेजारी जावई बसला. मिस्त्री गाडीभोवती एक फेरा घालून म्हणाला, "हायी हायी चालाव, भाऊ." हळूहळू चालव. मला त्यानं भाऊ म्हटल्याची ती एकच वेळ. आम्ही निघालो, तो मागून पायी निघाला.

कोसभर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की गाडी गप्प झाली आहे. काय सांगू, मला आनंद झाला. पोरगी मागून म्हणाली, "भाऊ, आते कशी गुमचूप चालस." मी आरशात बघून हसलो.

नदीत उतरताना गाडीची मागची बाजू खाली गेली, वर आली आणि थांबली नाही. गाडी पुन्हा खाली गेली, पहिल्यापेक्षा जास्त. मी ब्रेक दाबला, त्यानं ती पुढं आणखीच वाकली. तिसऱ्या हेलकाव्याला पोटाखालून असा आवाज आला, की तो मला पायांतून कळला. पात्रातला दगड. तो काही मिस्त्रीला उकरता येण्यासारखा नव्हता, अख्खा खडकच होता. त्यावर दोन बोटं जागा राहायला हवी होती. पोरगी पुढच्या बाकाच्या पाठीवर आदळली. इंजिन बंद पडलं आणि पाण्यावर काळं तेल पसरत गेलं.

ती ओरडली नाही. दोन्ही हात पोटाशी धरून म्हणाली, "माले उतार, भाऊ."

डोंगराकडून पाच पावरा आदिवासी माणसं येत होती, कापूस वेचायला खाली निघालेली. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना नको होती. एकानं पोरीकडे बघितलं, दोघांनी बांबू तोडला, गोधडीची झोळी केली, आणि ते ती झोळी घेऊन इतक्या सारख्या चालीनं निघाले, की तसं चालणारी गाडी अजून कोणी बनवलेली नाही. मी आणि जावई मागून धावत होतो. ब्राह्मणपुरीत एका गुजर शेतकऱ्यानं आपली पुढची खोली रिकामी करून दिली आणि डॉक्टरांना आणायला स्वतःचा टांगा पाठवला. डॉक्टर आले. पोरगी वाचली. मूल गेलं. मुलगा होता. डॉक्टर बाहेर येऊन हात धूत म्हणाले, आता हिनं पुन्हा या फंदात पडू नये.

मागून पायी येणारा मिस्त्री रात्री पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडे निघाला. मी मागोमाग. गाडी पाण्यात उभी होती. फुटलेल्या कढईकडे त्यानं बघितलंही नाही. मागच्या चाकाशी उकिडवा बसला, पाट्यांच्या फटीतून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"कोनी टाकं?"

"मी," मी म्हणालो.

त्यानं बोट पुन्हा हुंगलं.

"एरंडेल शे. तुन्हा घर एरंड शे का?"

"विकत घेतलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. गाडीकडे बघायचा तसा, गालाला हात लावून. शहाद्यात त्या वासाचं एरंडेल एकाच घरात होतं, आणि ते त्याच्या डोक्याला रोज लागायचं. मग तो उठला.

"बरं," म्हणाला. "मंग तूच."

एवढंच आमचं बोलणं झालं.

शहाद्याला परतल्यावर मावशीनं मला विचारलं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. "मन्हं तेल..." एवढंच म्हणून ती थांबली. मी म्हटलं, "तुमचं कुठलं, मावशी. ते वाटीभर तेल रस्त्यातच धुळीनं पिऊन टाकलं. मी नदीच्या अलीकडे डबाभर ओतलं, आवाज बंद व्हावा म्हणून." मग तिच्या अंगात जीव आला, आणि ती म्हणाली, "ऊठ." मी उठलो. त्या घरची भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

तेव्हापासून मिस्त्रीनं मला शिव्या द्यायला सुरुवात केली. आणि काय शिव्या. एरवी दोन शब्दांत संपणारा हा माणूस, पण माझ्यासाठी त्याला वाचा फुटली. मी बाजारात दिसलो, की भट्टीवरून उठून रस्त्यात यायचा. "हाऊ दखा. हाऊच तो तेल टाकनारा. यान्ही टोपी तिरकी, यान्ही अक्कल तिरकी. मन्हा नातूले यानं नदीमा बुडायं." लोक जमायचे. मी हात जोडून, मान खाली घालून उभा राहायचो, आणि इतका छान उभा राहायचो, की नाटक कंपनीत असतो तर माझं नाव झालं असतं. त्याच्या दारावरून गेलो तर आवाज दुप्पट चढायचा, कारण आत मावशी असायची. आणि पोरगीही. सासरच्यांनी तिला परत नेलं नाही. मूल न होणारी सून त्यांना नको होती. ती भात्यावर बसायची, आईच्या जागी. आई घण मारायची.

मोटारीचं काम मिस्त्रीनं सोडलं. डॉक्टरांची गाडी बैलांनी ओढून आणली, ती दवाखान्यामागं दगडांवर उभी राहिली. पुढं लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि तिची कोणाला आठवणही उरली नाही. मी नंदुरबारला दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तरी शहाद्याला आलो की त्या दारावरून एक फेरी मारायचो. वर्षातून दोन-तीनदा मला शिव्या मिळाल्या नाहीत तर त्या घरात कोणाला काय वाटेल, याची मला काळजी असे.

मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं. तेराव्याला गेलो. मिस्त्री ओट्यावर एकटा बसला होता, पागोटं मांडीवर. मी उभा राहून शिव्यांची वाट बघितली. त्यानं हातानं शेजारची जागा दाखवली. मी बसलो. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

"लई गाया दिध्यात तुले," तो हळूच म्हणाला.

"शिव्या दिल्यात खऱ्या," मी म्हणालो.

"तिन्हासाठे देत व्हतू. ती गयी."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात अजून जड होता. मला काहीतरी बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि पोरगी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. केस पिकायला लागले होते. मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं, माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला आणि उभा राहिला.

"हाऊ दख," तो तिला म्हणाला, आणि त्याचा आवाज चढत गेला. "हाऊच तो. तेल टाकनारा. तुन्ही मायना तेराव्याले बी याले लाज नई."

पोरीनं पेला माझ्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि आत गेली. मी मान खाली घातली आणि पाणी प्यालो.